तीन आठवड्यांतले सात जन्म

“नाना, हे तिसऱ्यांदा,” सिस्टर मार्था पगारे म्हणाल्या आणि रुमालात गुंडाळून आणलेलं घड्याळ त्यांनी काउंटरवर ठेवलं. “भांडायला आलेली नाही मी. पण काल काय झालं ते ऐका. देवऱ्यांच्या सुनेला मुलगा झाला. मी वहीत लिहिलं, दहा वाजून पाच मिनिटं. बाळाला पुसून बाहेर आणते तर भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा. आणि आजोबा दारातच बसलेले, हातात पंचांग.”

“मग काय सांगितलंत?” नानांनी विचारलं.

“काय सांगणार? दहा पाच. वहीत लिहिलेलं फिरवायचं कसं? निम्म्या गावाच्या पत्रिका माझ्या मनगटावर उभ्या आहेत, नाना. उद्या कुणाचं लग्न मोडलं तर लोक मंगळाला नाही, मला धरतील.”

नाना हसले नाहीत. त्यांनी घड्याळ कानाशी नेलं. ते व्यवस्थित चालत होतं.

नाना म्हणजे माझे सासरे, एकनाथ कोठावदे. चाळीसगावला स्टेशन रोडवर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या दुकानातल्या एकाच खुर्चीवर ते चव्वेचाळीस वर्षं बसले होते. मी सांगते आहे तो १९८४ सालचा मार्च महिना. नाना तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते.

तीन आठवड्यांपूर्वी सिस्टरांनी ते घड्याळ पहिल्यांदा आणलं, तेव्हा तक्रार साधी होती. काच तडकली होती आणि बरीच वर्षं सफाई झाली नव्हती. सतरा खड्यांचं, किल्लीचं, मधोमध लांब सेकंदकाटा असलेलं घड्याळ. त्या सेकंदकाट्यावर सिस्टर नाडी मोजत. प्रसूतिगृहाच्या आतल्या खोलीत दुसरं घड्याळ नव्हतं, त्यामुळे बाळाच्या जन्माची वेळही त्याच्यावरच लिहिली जाई. नानांनी ते पूर्ण खोललं, धुतलं, तेल दिलं आणि परत केलं. चार दिवसांनी ते परत आलं: मागे पडतं. नानांनी पुन्हा उघडलं, पुन्हा दिलं. आठवड्यानं परत आलं, तेव्हाही उघडून दिलं. आणि आता हे तिसऱ्यांदा.

नानांचा एक नियम होता. तो त्यांना त्यांच्या गुरूकडून मिळाला होता आणि त्या गुरूनं तो स्वतः पाळला होता. एकच घड्याळ त्याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा परत आलं, तर कारागिरानं ते शेवटचं उघडायचं. दोष सापडला तर ठीक. नाही सापडला तर दोष घड्याळात नाही असं समजायचं, आणि खुर्ची सोडायची. हा नियम ते येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगून बसले होते, की आता त्यांना तो विसरणं शक्य नव्हतं.

“चार दिवस द्या,” ते सिस्टरांना म्हणाले.

“आठ घ्या. पण नाना, वय झालं की माझेही टाके कधी कधी वाकडे पडतात. मनाला लावून घेऊ नका.”

सिस्टर चांगल्या मनानं बोलल्या. त्या गेल्यावर नाना बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिले.

मी दुकानात बसायला लागून तेव्हा सहा वर्षं झाली होती. नानांची नजर कमी होऊ लागली तशी मी मदतीला आले. पट्टे बदलणं, काचा बसवणं, किल्लीचं बोंड बदलणं ही कामं माझी. घड्याळाच्या आतलं काम नानांचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते मला बंद पडलेली जुनी घड्याळं खोलायला देत. मी ती खोलायची, जोडायची, पुन्हा खोलायची. “तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे,” ते म्हणत. माझे पती मधुकर बाजार समितीत कारकून होते. मी दुकानात बसणं त्यांना कधीच फारसं रुचलं नव्हतं. “नानांनी सोडलं तर बघ तू दुकान, माझी ना नाही,” ते म्हणाले होते. “पण तुझ्या हातचं एक जरी काम खराब होऊन परत आलं, तर मी कुलूप लावीन. बाईला बसवून कोठावद्यांनी नाव घालवलं, असं स्टेशन रोडवर ऐकायचं नाही मला.” ते रागानं बोलले नव्हते. मधुकरांनी न रागावता सांगितलेल्या गोष्टी ते हमखास करत.

चार दिवस मी नानांना त्या घड्याळापाशी पाहिलं. पहिल्या दिवशी त्यांनी यंत्र पेटीतून बाहेर काढलं आणि नुसतं चालत ठेवलं. उताणं, पालथं, उभं, आडवं. प्रत्येक बाजूनं सहा सहा तास. एका मिनिटाचाही फरक नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं खोललं. मोठी कमान काढून बोटांवर उलगडून पाहिली. एकेक चक्र चिमट्यात धरून उजेडासमोर फिरवलं. डोळ्याला भिंग लावून ते इतके खाली वाकत, की त्यांचा श्वास चक्रांवर पडू नये म्हणून तोंडावर रुमाल बांधत.

“शैला, ह्या चक्राचे दात बघ. माझ्यानं शेवटचे तीन नीट दिसत नाहीत.”

मी पाहिले. दात स्वच्छ होते. “ठीक आहेत, नाना.”

“खड्याला तडा?”

“नाही.”

“कमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात?”

“नाही.”

“तू बघते आहेस म्हणून मी विचारत नाही पुन्हा.” ते मागे टेकले. मग म्हणाले, “काच उंच घेतलीस ना, फुगीर? मधे सेकंदकाटा आहे म्हणून विचारतो.”

“हो, नाना. उंचच.”

“मग काचेचा प्रश्न नाही.” आणि त्यांनी ती शक्यता मनातून काढून टाकली. पेटीत बसवलेलं घड्याळ त्यांनी त्यानंतर खिळ्याला टांगून पाहिलं, पालथं ठेवून पाहिलं. ते चालतच राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मधुकर दुकानावरून जाताना आत डोकावले. “सापडलं?”

“नाही,” मी म्हणाले.

“सापडायचं नाही. काल जेवताना बघितलंस? आमटी ताटात कमी, पाटावर जास्त. नानांचे हात थरथरतात, कुणी बोलत नाही एवढंच.”

“दिसत नाही म्हणून सांडली. हात थरथरत नाही त्यांचा.”

“एकच झालं,” मधुकर म्हणाले आणि सायकल काढून गेले. पलीकडच्या खुर्चीवर नाना होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ते चक्र जोडत होते आणि चिमटा जागच्या जागी होता.

चौथ्या दिवशी नाना जेवायला घरी गेले असताना सिस्टर आल्या. मी म्हणाले, “अजून तपासणी चालू आहे.”

“असू दे. मी पावडरचा डबा घ्यायला निघाले होते, म्हटलं विचारून जावं.” त्यांनी हात काउंटरवर टेकला, तळवा वर करून. त्यांचं मनगट उन्हानं रापलेलं होतं. आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, रुपयाएवढा गोल फिकट डाग होता.

“सिस्टर, घड्याळ तुम्ही आतल्या बाजूला बांधता?”

“मग काय. बाहेर बांधलं तर काच कॉटच्या दांड्यावर नाही का आपटायची? आमच्यात सगळ्या असंच बांधतात.” त्यांनी हात उलटसुलट करून दाखवला. “आणि नाडी बघताना मनगट मुरडावं लागत नाही. का गं?”

“काही नाही. सहज.”

त्या गेल्यावर मी घड्याळ उचललं. काटा शांतपणे फिरत होता. मी काचेच्या मधोमध अंगठा ठेवला आणि दाबला, बाळंतिणीला उचलून बसवताना जेवढा दाब मनगटावर येईल तेवढाच. सेकंदकाटा थांबला. अंगठा काढला. काटा चालू लागला. पुन्हा दाबला, पुन्हा थांबला. भिंग लावून मी काच तिरपी धरली. आतल्या बाजूनं, नजरेला जेमतेम लागेल असा, एक अर्धगोल ओरखडा होता.

ती काच उंच नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी त्या मापाची उंच काच पाकिटात शिल्लक नव्हती, सिस्टरांना ड्यूटीवर जायची घाई होती, आणि चपटी काच त्या पेटीत अगदी बरोबर बसली. मी सेकंदकाटा एक पूर्ण फेरा फिरवून पाहिला. कुठे अडला नाही. नानांना सांगितलं असतं तर त्यांनी ती काढायला लावली असती. म्हणून सांगितलं नाही. आणि परवा त्यांनी विचारलं, तेव्हा तीन आठवड्यांपूर्वीची एवढीशी लपवाछपवी कशाला उकरायची, म्हणून “हो” म्हणाले. चपटी काच, प्लास्टिकचीच ती, दाबानं वाकते आणि काट्याला धरून ठेवते, हे मला तोपर्यंत खरोखरच सुचलं नव्हतं.

आता सुचलं होतं. नाना यायला अजून अर्धा तास होता.

मी सराफ गल्लीतल्या घड्याळाच्या सामानाच्या दुकानात गेले, त्या मापाची उंच काच घेतली, परत येऊन बसवली. चपटी काच दोन तुकडे करून कागदात गुंडाळली आणि कचऱ्यात टाकली. हे सगळं मी फार व्यवस्थित केलं. त्या वेळी मी मनाशी असंच म्हणत होते, की आधी घड्याळ चालू दे, मग नानांना सांगू.

संध्याकाळी मी घड्याळ सिस्टरांना नेऊन दिलं आणि आठ दिवस वापरून बघा म्हणाले. नानांना म्हणाले, “मी पुन्हा एकदा तपासलं. वाटतं, चालेल.” ते “बरं” म्हणाले. एवढंच.

नवव्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या. त्यांच्याबरोबर पेढ्यांचा पुडा होता. “नाना, स्टेशनच्या घड्याळाशी रोज लावून बघते. एका मिनिटाचा फरक नाही. तुमची सून बाजी मारून गेली हो. तुम्ही तीनदा उघडलं आणि हिनं अर्ध्या दिवसात काढलं.”

नानांच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसं काहीच आलं नाही. ते चक्क खूश झाले. त्यांनी पेढा घेतला, अर्धा मला दिला. सिस्टर जाईपर्यंत थांबले आणि मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

“काय होतं?”

मी तयार नव्हते. आठ दिवस होते, तरी तयार नव्हते. सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. मला समोर कुलूप दिसलं, आणि ती खुर्ची दिसली.

“ब्रशचा केस होता, नाना. सेकंदाच्या चक्राखाली.”

“सेकंदाच्या चक्राखाली?” त्यांनी भुवया आवळल्या. “तिथे मी दोनदा बघितलं.”

“अगदी बारीक होता. कधी आडवा यायचा, कधी सरकायचा. दिसण्यासारखा नव्हता.”

“तुला दिसला.”

मी पेढ्यांच्या पुड्याचा दोरा गुंडाळू लागले.

“दिसला नाही, ते डोळ्यांचं,” नाना सावकाश म्हणाले. “त्याला चष्मा आहे. पण केस तिथे राहिलाच कसा? ब्रश फिरवून झाल्यावर मी प्रत्येक चक्र फुंकतो. चव्वेचाळीस वर्षं फुंकतो. ते हाताचं काम आहे, शैला. हातच चुकला.”

ते उठले, काठी घेतली आणि एकटेच बाहेर पडले. दुपारी सिस्टरांनीच मला सांगितलं, की नाना प्रसूतिगृहाच्या पायरीवर टोपी काढून उभे होते. माफी मागून झाल्यावर त्यांनी विचारलं, त्या तीन आठवड्यांत किती जन्म तुमच्या घड्याळावर लिहिले गेले? सिस्टरांनी वही काढली. सात.

“मी म्हटलं, नाना, कशाला पायपीट? मिनिटं ज्योतिषी आपापली जुळवून घेतात,” सिस्टर म्हणाल्या. “ऐकेनात. सात पत्ते लिहून घेतले. तू जा बाई बरोबर. त्यांना पायऱ्या दिसत नाहीत.”

तेव्हा मी बरोबर गेले. दोन सकाळी लागल्या. उन्हं चढायच्या आत आम्ही निघत असू, नानांचा डावा हात माझ्या खांद्यावर. प्रत्येक दारात ते तेच बोलत. मी एकनाथ कोठावदे, घड्याळवाला. सिस्टरांचं घड्याळ माझ्या हातून नीट दुरुस्त झालं नव्हतं. तुमच्या बाळाची लिहिलेली वेळ चुकलेली असू शकते. खरी वेळ लिहिलेल्या वेळेच्या पुढची धरा, पाच मिनिटं ते पाऊण तास. चूक माझी आहे, सिस्टरांची नाही.

देवरे आजोबांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. “नक्षत्राचं चरण काढलं, अक्षर काढलं, ‘न’वरून नाव ठेवलं, साठ माणसं जेवून गेली,” ते म्हणाले. “आणि आता तुमच्या ब्रशच्या केसापायी मी नातवाचं बारसं पुन्हा घालू? दिसत नाही तर घरी बसावं माणसानं.”

“बसणारच आहे,” नाना म्हणाले.

सायकलवाल्या मुनीरनं नानांना हाताला धरून आत नेलं. “चाचा, आमच्यात पत्रिका नसते. पोरगी पहाटेच्या अजानच्या आधी झाली, एवढं आम्हाला पुरे. तुम्ही एवढ्यासाठी चालत आलात?” त्यानं सरबत आणवलं. नानांनी ते मोठ्या संकोचानं घेतलं.

गवळीवाड्यात एक म्हातारी ओट्यावर गोवऱ्या रचत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. “नात आहे, बाबा. तिची वेळ कुणी विचारलीच नाही. तुम्हीच पहिले.”

“कुणी विचारो ना विचारो, लिहून ठेवा,” नाना म्हणाले. “शैला, कागद दे.” आणि त्यांनी मला त्या मुलीची वेळ लिहायला लावली, खाली ‘अंदाजे’ असं लिहायला लावलं आणि तो कागद म्हातारीच्या हातात दिला.

सातवं घर रेल्वे कॉलनीत होतं. बाळंतीण बावीस-तेवीस वर्षांची असेल. बाळाला खांद्यावर घेऊन तीच दारात आली. नानांचं बोलणं संपल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. “ताई, तो केस तुम्हीच शोधून काढलात ना? सिस्टर सांगत होत्या. मला तर ऐकूनच इतकं बरं वाटलं. बायकांना हे जमतं, हेच मला माहीत नव्हतं.”

“जमतं म्हणजे काय,” नाना म्हणाले. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मोकळा झाला होता. “मला दिसलं नाही ते हिनं बघितलं. उद्यापासून दुकान हीच चालवणार. काही असलं तर बिनधास्त आणा.” आणि माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी दोनदा थोपटला.

मी बोलायला तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं, मला त्याचा पहिला शब्दही आठवतो. ‘नाना’ हा. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, बाळाच्या पाठीवरचा तिचा हात थांबला होता.

“थोडं पाणी द्याल?” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नाना माझ्याबरोबर दुकानात आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. दाराजवळच्या स्टुलावर बसले. मधुकरांनी काही विचारलं नाही. माझ्या हातचं काम त्यानंतर कधी परत आलं नाही, कारण मी प्रत्येक घड्याळ तीन तीन वेळा तपासत असे. लोक म्हणत, सासऱ्यांनी चांगलं तयार केलं. मी हो म्हणत असे.

नाना अजून अकरा वर्षं जगले. त्या अकरा वर्षांत त्यांनी कुठल्याही घड्याळाला हात लावला नाही. घरातला गजराचा डबा बंद पडला तरी तो ते टेबलावरून माझ्याकडे नुसता सरकवत. त्यांच्या स्वतःच्या मनगटावर लग्नात मिळालेलं किल्लीचं घड्याळ होतं. त्याला किल्ली द्यायलाही त्यांनी नकार दिला. “एखादा फेरा जास्त व्हायचा,” ते म्हणाले. रोज सकाळी, चहा झाला की, ते डावा हात माझ्यापुढे करत. मी त्यांचं मनगट एका हातानं धरायची आणि दुसऱ्या हातानं किल्ली द्यायची, अठरा फेरे, सावकाश. तेवढा वेळ त्यांचा हात माझ्या हातात असायचा. अकरा वर्षांत, शेवटच्या दुखण्यातसुद्धा, तो एकदाही थरथरला नाही.